एका शरीरात दोघांचे रक्त

उत्परिवर्तन हा पाठ शिकवताना आपण सिकलसेल आजाराचे उदाहरण हमखास देतो. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एक अमिनो आम्ल बदलते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि एवढ्याशा चुकीने माणूस आजारी पडतो. उदाहरण नेमके आहे, फळ्यावर दोन मिनिटांत मांडता येते. पण विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात हे उदाहरण कधी कधी तिसऱ्या बाकावर बसलेले असते. हातपाय दुखतात म्हणून महिन्यातून चार दिवस गैरहजर राहणारे, डोळे पिवळसर दिसणारे, खेळाच्या तासाला लवकर दमणारे मूल. मग कोणीतरी विचारते, "सर, हे बरे होते का?"

१९८४ पर्यंत या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच होते. आज ते 'काही मुलांत होते' असे आहे. या दोन उत्तरांमधला इतिहास येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. त्यात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. बरे करण्याची पहिली रीत फार कठोर होती. ती सौम्य करता येईल हे ज्या रुग्णांमुळे कळले, त्यांच्यात उपचार वरवर पाहता अर्धवटच लागू पडला होता.

रेणू कळला, उपाय नाही

१९०४ च्या अखेरीस शिकागोतील एका रुग्णालयात कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा एक विद्यार्थी दाखल झाला. त्याच्या रक्तात लांबट, वाकड्या पेशी दिसल्या. जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० साली हे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते, म्हणजे दोष रेणूतच आहे. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये तो दोष नेमका कुठे आहे ते शोधले. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. आपल्याकडे १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये या पेशी आढळल्याची नोंद झाली. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवरचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला.

रेणूच्या पातळीवर समजलेला हा पहिला आजार. तरीही रुग्णाच्या हाती काही पडले नाही. वेदनेवर औषध, जंतुसंसर्गावर प्रतिजैविक, गरज पडल्यास रक्त, एवढेच उपाय होते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वेदनेचे झटके कमी करते, हे मोठ्या चाचणीत सिद्ध व्हायला १९९५ साल उजाडले.

आता थोडा विचार करू. तांबड्या पेशीला केंद्रक नसते, त्यामुळे तिच्यातील चूक तिच्यातच दुरुस्त करता येत नाही. पण या पेशी जिथे तयार होतात तो कारखाना, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मज्जा, बदलता आला तर? मज्जेतील मूलपेशी आयुष्यभर नव्या रक्तपेशी घडवत राहतात. निरोगी माणसाच्या मूलपेशी तिथे रुजल्या, तर रक्तही निरोगी होईल.

शेत भाजून काढण्याची रीत

मज्जा बदलता येते ही कल्पना सिकलसेलच्या अभ्यासातून आली नाही. ती अणुबॉम्बच्या छायेतून आली. हिरोशिमा आणि नागासाकीनंतर किरणोत्साराने माणसे कशी मरतात याचा अभ्यास सुरू झाला. १९४९ मध्ये लिऑन जेकबसन यांनी उंदरांची प्लीहा शिशाने झाकून त्यांना घातक मात्रेची किरणे दिली, तरी ते उंदीर वाचले. १९५१ मध्ये एगॉन लॉरेन्झ यांच्या गटाने किरणे दिलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचून वाचवले. रक्त घडवणाऱ्या पेशी शिरेतून टोचल्या तरी आपली जागा शोधून रुजतात, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले.

माणसावरचे पहिले प्रयत्न अमेरिकेत ई. डोनाल थॉमस यांनी १९५७ साली प्रसिद्ध केले. सहा रुग्ण होते, आणि कोणीही फार दिवस जगले नाही. कोणाची मज्जा कोणाला चालते हेच तेव्हा माहीत नव्हते. १९५८ मध्ये ज्याँ दोसे यांनी पॅरिसमध्ये पेशींवरील ओळखखुणांच्या गटातील पहिली खूण शोधली. या गटाला आपण आज एचएलए म्हणतो. भावंडांत या खुणा जुळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. १९६८ मध्ये रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्ती नसलेल्या एका बाळाला बहिणीची मज्जा देऊन वाचवले. थॉमस चिकाटीने काम करत राहिले आणि १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या सगळ्या काळात रोपणाची रीत ठरून गेली होती. थॉमस यांचे बहुतेक रुग्ण रक्ताच्या कर्करोगाचे. तिथे एकही रोगट पेशी मागे ठेवून चालत नाही. म्हणून आधी प्रचंड मात्रेत किरणे किंवा बुसल्फानसारखी जहाल औषधे देऊन जुनी मज्जा पार नष्ट करायची आणि मग नवी घालायची. कोकणात भातरोपांसाठी राब भाजतात, तसे हे शेत भाजून काढणे. त्यामागे आणखी एक समजूत होती. जुन्या पेशींनी जागा रिकामी केल्याशिवाय नव्यांना जागा मिळणार नाही, आणि रुग्णाची प्रतिकारयंत्रणा मोडल्याशिवाय ती परक्या पेशींना टिकू देणार नाही.

मेम्फिसमधील मुलगी

१९८४ साली अमेरिकेतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयातून एक वृत्तांत प्रसिद्ध झाला. आठ वर्षांच्या एका मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता आणि तिला जन्मापासून सिकलसेल आजारही होता. मज्जारोपण केले ते कर्करोगासाठी. मज्जा देणारा तिचा भाऊ स्वतः सिकलसेलचा वाहक होता. म्हणजे त्याच्याकडे एक जनुक चांगले व एक सदोष होते, आपल्याकडे आरोग्यसेवक ज्याला 'एएस' म्हणतात तसे. रोपण यशस्वी झाले. कर्करोग गेला आणि त्याबरोबर सिकलसेलही गेला. मुलीचे रक्त आता भावासारखे 'एएस' झाले होते.

हा आजार समूळ जाऊ शकतो हे त्या दिवशी सिद्ध झाले. १९८८ मध्ये बेल्जियममधील डॉक्टरांनी फक्त सिकलसेलसाठी रोपण केलेल्या पाच मुलांचा वृत्तांत दिला. ही मुले आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतील होती आणि कुटुंबे परत जाणार होती. तिथे दीर्घकाळ चांगली देखरेख मिळणे कठीण, म्हणून हा धोका पत्करला गेला.

धोका खराच मोठा होता. कर्करोग झालेल्या मुलासमोर दुसरा मार्ग नसतो. सिकलसेलचे मूल मात्र आज शाळेत जात असते, उद्याही जाणार असते. पुढच्या वर्षी त्याला पक्षाघात होईल की ते चाळीस वर्षे जगेल, हे कोणी सांगू शकत नाही. अशा मुलाला, उपचारानेच मृत्यू येऊ शकेल अशा उपचाराच्या हवाली करायचे का?

१९९१ मध्ये शिकागोच्या एका अभ्यासात हा प्रश्न सिकलसेल झालेल्या मुलांच्या ६७ पालकांना विचारला गेला. निम्म्याहून थोडे अधिक पालक मृत्यूचा काही ना काही धोका पत्करायला तयार होते. एक तृतीयांशाहून अधिक पालकांनी तर शंभरातले पंधरा दगावण्याइतका धोकाही मान्य केला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, पालकांचा निर्णय मुलाचा आजार किती तीव्र आहे यावर अवलंबून नव्हता. म्हणजे हा हिशेब केवळ वैद्यकीय नाही, तो प्रत्येक घराचा वेगळा आहे.

१९९६ मध्ये मार्क वॉल्टर्स आणि सहकाऱ्यांनी २२ मुलांचे निकाल दिले. २० जगली, दोन दगावली, आणि १६ मुलांत रोपण टिकून आजार गेला. पण जगलेल्या मुलांनाही किंमत द्यावी लागते. बुसल्फानमुळे पुढे मूल होण्याची शक्यता बरीच मावळते, मुलींमध्ये तर अधिकच. शिवाय नव्या मज्जेतील पांढऱ्या पेशी कधी कधी रुग्णाच्या शरीरालाच परके समजून त्वचा, यकृत, आतडी यांवर हल्ला करतात. एक जुनाट आजार जाऊन त्याच्या जागी दुसरा यायचा.

अर्धवट रुजलेली मज्जा

या मुलांच्या रक्ताची तपासणी पुढेही चालू होती. त्यात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. काही मुलांत नवी मज्जा पूर्णपणे रुजली नव्हती. जुन्या पेशीही पुन्हा डोके वर काढून कामाला लागल्या होत्या. २००१ च्या वृत्तांतात अशी पाच मुले होती की ज्यांच्यात दात्याच्या पेशींचे प्रमाण ११ ते ७४ टक्के होते. कर्करोगाच्या नजरेने पाहिले तर हे अपयशाच्या दारात उभे राहणे झाले. पण ही मुले ठणठणीत होती! वेदनेचे झटके नव्हते, रक्तही चांगले होते.

एकाच शरीरात दोन वेगळ्या जिवांच्या पेशी नांदत असतील, तर शास्त्रज्ञ त्याला 'कायमेरा' म्हणतात. सिंह, बकरी आणि साप मिळून बनलेल्या ग्रीक पुराणातील प्राण्याचे हे नाव. निसर्गात असे घडते हे १९४५ मध्येच कळले होते, तेही गाईंवरून. अमेरिकेतील रे ओवेन यांनी जुळ्या वासरांचे रक्त तपासले. गाईच्या पोटात जुळ्यांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. त्यामुळे भिन्न जनुके असलेल्या, एका जोडीत तर दोन वेगळ्या वळूंपासून झालेल्या, वासरांतही दोघांचे रक्त मिसळलेले आढळले. आणि ते जन्मभर तसेच राहिले. कोणी कोणाला हाकलून दिले नाही. याच निरीक्षणाच्या आधारे पीटर मेडावर यांनी 'सहिष्णुते'चे प्रयोग केले आणि १९६० चे नोबेल मिळवले. म्हणजे शेत न भाजताही दोन पिके एकत्र वाढू शकतात, हा धडा उपलब्ध होता.

तरीही प्रश्न उरतो. मज्जेत दात्याचा वाटा इतका थोडा असताना मूल बरे कसे राहते? याचे उत्तर आठवीतल्या मुलालाही काढता येईल अशा गणितात आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. आपण १५ दिवस धरू. समजा मज्जेतून रोज १०० पेशी बाहेर पडतात, त्यांतील २० दात्याच्या आणि ८० रुग्णाच्या. तर रक्तात एका वेळी दात्याच्या पेशी असतील २० × १२० = २४००, आणि रुग्णाच्या ८० × १५ = १२००. मज्जेत पाचवा हिस्सा, पण रक्तात दोन तृतीयांश! ११ टक्क्यांसाठी हाच हिशेब करून पाहा. रक्तात जवळजवळ निम्म्या पेशी दात्याच्या येतील. प्रत्यक्षात आकडे माणसागणिक बदलतात, पण तर्क हाच. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी मोजमाप करून सांगितले की, आजार मागे हटण्यासाठी दात्याचा वाटा निदान २० टक्के तरी हवा.

वर्गात हे बिया वापरून करता येईल. तुरीचे दाणे निरोगी पेशी म्हणून आणि हरभऱ्याचे सिकलसेल पेशी म्हणून घ्या. रोज डब्यात २ तुरीचे आणि ८ हरभऱ्याचे दाणे टाकायचे. हरभरा पंधरा दिवसांनी काढून घ्यायचा, तुरीला मात्र चार महिने हात लावायचा नाही. डब्याचा रंग कसा बदलत जातो ते मुलांनाच पाहू द्यावे.

सौम्य रीत: आधी अपयश

मग मज्जा पूर्ण जाळण्याची गरजच काय? थोडी जागा करून द्यावी, प्रतिकारयंत्रणेला आवर घालावा, आणि दोन्ही पेशींना एकत्र नांदू द्यावे. कल्पना सोपी वाटते, पण पहिला प्रयत्न फसला. सिएटलमध्ये रायनर स्टॉर्ब यांच्या गटाने कुत्र्यांवर काम करून २ ग्रे इतक्या अल्प मात्रेची किरणे व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांवर आधारलेली रीत बसवली होती. कर्करोगाच्या वयस्क रुग्णांत ती चालली. याच धर्तीवर सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या सात रुग्णांवर केलेल्या रोपणाचा वृत्तांत २००३ मध्ये आला. सहा जणांत नवी मज्जा रुजली, पण औषधे कमी करताच ती सर्वांतून नाहीशी झाली. कारण उघड होते. कर्करोगाच्या रुग्णाची प्रतिकारयंत्रणा आधीच्या उपचारांनी खिळखिळी झालेली असते. सिकलसेलच्या रुग्णाची मात्र धडधाकट असते, आणि वारंवार रक्त घेतल्याने परक्या पेशी ओळखायला ती अधिकच तरबेज झालेली असते.

पुढचा धागा पॅसिफिक महासागरातील एका बेटापर्यंत जातो. १९६४-६५ मध्ये ईस्टर बेटावर गेलेल्या एका मोहिमेने तिथल्या मातीचे नमुने आणले. त्यांतील एका जिवाणूपासून कॅनडात मॉन्ट्रियलच्या एका औषध कंपनीत रॅपामायसिन हा पदार्थ मिळाला. बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, त्यावरून हे नाव. या कामात पुढे होते बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेंद्रनाथ सेहगल. कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली तेव्हा सेहगलांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला, आणि काही वर्षांनी काम पुन्हा सुरू करवले. १९९९ मध्ये हे औषध मूत्रपिंड रोपणासाठी अमेरिकेत मान्य झाले. इतर औषधे टी-पेशींना नुसते गप्प करतात. औषध थांबले की त्या पुन्हा उठतात. रॅपामायसिनच्या प्रभावाखाली परक्या पेशींशी गाठ पडलेल्या टी-पेशी त्यांना सहन करायला शिकतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जॉन टिस्डेल यांच्या गटाने हे सारे एकत्र आणले: ३ ग्रे किरणे, टी-पेशी कमी करणारे एक प्रतिपिंड, आणि रॅपामायसिन. जहाल औषध एकही नाही. २००९ मध्ये त्यांनी दहा रुग्णांचे निकाल दिले. सर्व जिवंत होते, नऊ जणांत दात्याच्या पेशी टिकल्या, आणि नव्या पेशींनी शरीरावर हल्ला केल्याचे एकाही रुग्णात आढळले नाही. २०१४ पर्यंत ही संख्या ३० झाली. २९ जण जिवंत आणि २६ जणांत रोपण टिकलेले. त्यांतील १५ जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही बंद झाली होती.

येथे क्रम उलटा झालेला दिसेल. एरवी मुलांसाठी सौम्य उपाय आधी शोधतात. पण मुले कठोर उपचार सोसत होती आणि प्रौढ रुग्णांना ते झेपत नव्हते, म्हणून सौम्य रीत आधी प्रौढांसाठी आली. मग बालरोगतज्ज्ञांनी विचारले की, मुलांना तरी एवढे का सोसायला लावायचे? कॅनडात कॅलगरीच्या बालरुग्णालयाने हीच रीत मुलांसाठी वापरली. २०१९ मध्ये त्यांनी १६ मुलांचा वृत्तांत दिला: सर्व जिवंत, सर्वांत रोपण टिकलेले. त्यानंतर इतर केंद्रांतही मुलांवर ही रीत वापरली जाऊ लागली.

अजून काय उरले आहे

सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. थोड्या का होईना, किरणांचा परिणाम प्रजननक्षमतेवर होऊ शकतो. काही प्रौढांत, विशेषतः ज्यांच्यात रोपण टिकले नाही त्यांच्यात, पुढे रक्ताचा कर्करोगही आढळला आहे. जुन्या मज्जेतील पेशी शिल्लक राहतात, त्यामुळे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. दुसरीकडे, कठोर रीतही सुधारली आहे. १९८६ ते २०१३ या काळात जुळणाऱ्या भावंडाकडून झालेल्या १००० रोपणांचा आढावा २०१७ मध्ये आला, त्यात पाच वर्षांनंतर सुमारे ९३ टक्के रुग्ण जिवंत होते. तेव्हा मुलांच्या बाबतीत आता तुलना केवळ जगण्या-मरण्याची नसून, बरे झाल्यावर ते मूल कसे आयुष्य जगेल याची आहे.

मोठी अडचण दात्याची. हाही वर्गात सोडवण्याजोगा प्रश्न आहे. एचएलएची जनुके सहाव्या गुणसूत्रावर, बीटा साखळीचे जनुक अकराव्यावर. म्हणजे वारसा स्वतंत्र. आई-वडील दोघे वाहक असतील तर एखादे भावंड एचएलएने जुळण्याची शक्यता १/४, आणि ते स्वतः आजारी नसण्याची ३/४. दोन्ही एकत्र येण्याची शक्यता ३/१६, म्हणजे पाचांत एकाहूनही कमी. म्हणून आई, वडील किंवा अर्धे जुळणारे भावंड दाता चालेल अशा पद्धतींवर काम सुरू आहे.

दुसरा मार्ग रुग्णाच्याच मूलपेशी दुरुस्त करण्याचा. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने बारा वर्षांवरील रुग्णांसाठी जनुक संपादनाच्या उपचाराला मान्यता दिली. यात परका दाता लागत नाही. पण दुरुस्त पेशी परत घालण्यापूर्वी जुनी मज्जा बुसल्फाननेच जाळावी लागते! सर्वांत नव्या उपचाराच्या पोटात सर्वांत जुनी कठोर पायरी शिल्लक आहे. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली. जहाल औषधाऐवजी फक्त मूलपेशींनाच लक्ष्य करणारी प्रतिपिंडे वापरता येतील का, याचा शोध त्यामुळेच चालू आहे.

आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. खेड्यातल्या बहुतेक मुलांसाठी आजही वेळेवर निदान, हायड्रॉक्सीयुरिया, लसी, भरपूर पाणी आणि थंडीपासून जपणूक हेच हाताशी असलेले उपाय आहेत, आणि त्यांनी आयुष्य निश्चित वाढते. रोपणासाठी महिनोन्महिने मोठ्या शहरात राहणे किती घरांना परवडेल, हे शिक्षकांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या मुलाबद्दल प्रश्न आला, तर आम्ही असे उत्तर देऊ: होय, हा आजार बरा होऊ शकतो, हे चाळीस वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. भावा-बहिणीची मज्जा जुळली आणि उपचार मिळाला तर होतो. तो मुलाला कमी त्रासात कसा मिळेल हे आता बरेचसे कळले आहे. तो आपल्या तालुक्यातल्या मुलापर्यंत कसा पोहोचेल, हे अजून सुटलेले नाही. त्या मुलाला खेळाच्या तासाला सावलीत बसू द्यावे, पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि बुडालेला अभ्यास भरून घ्यावा. एवढे मात्र आजच, आपल्याच वर्गात करता येते.